पंधरा जणांची बिअर

मैत्रिणींनो, आजचा विषय बघून काहीजणींच्या कपाळावर आठी उमटेल. बायकांच्या पुरवणीत बिअर? त्यातून माझी ऊठबस बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये. दारूपायी उघड्यावर आलेले संसार मी जवळून बघितलेत आणि त्याबद्दलचं माझं मत काडीइतकंही बदललेलं नाही. पण ही गोष्ट पिणाऱ्यांची नाही, बनवणाऱ्यांची आहे. शहराची ओळख बनलेला कारखाना बंद पडतो, हातचं काम जातं आणि मग पंधरा कामगार घरातली पुंजी बाहेर काढून तोच धंदा पुन्हा उभा करतात. बिअरच्या जागी पापड असते किंवा साबण असता, तरी ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच असती.

इटलीचा नकाशा आठवा. बुटासारखा देश. त्या बुटाच्या टोकाशी सिसिली नावाचं मोठं बेट आहे आणि बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात मेसिना हे बंदराचं शहर. मुख्य इटली आणि सिसिली यांच्यामधली समुद्राची पट्टी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटरची. या पट्टीला तिथे ‘स्त्रेत्तो’ म्हणतात, म्हणजे सामुद्रधुनी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२८ डिसेंबर १९०८च्या पहाटे, लोक साखरझोपेत असताना, इथे भयंकर भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत घुसला. दोन्ही किनारे मिळून पाऊण लाखाहून जास्त माणसं गेली. मेसिनाची बहुतेक घरं जमीनदोस्त झाली. वाचलेल्यांसाठी तात्पुरत्या झोपड्या बांधल्या गेल्या, त्यांच्या जागी पुढे आणखी झोपड्या आल्या आणि काही वस्त्या तर पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहिल्या. अशा वस्त्या हटवून लोकांना पक्की घरं द्यायला इटलीच्या सरकारला २०२१ साली खास तरतूद करावी लागली. म्हणजे बघा, शंभर वर्षं उलटून गेली तरी जखम पुरती भरलेली नव्हती.

अशा या शहरात भूकंपानंतर पंधराच वर्षांनी, १९२३ साली, फारांदा कुटुंबाने बिअरचा कारखाना काढला. नाव ठेवलं शहराचंच, ‘बिर्रा मेसिना’. बिर्रा म्हणजे इटालियन भाषेत बिअर. खरं तर सिसिली हा द्राक्षांचा मुलूख. तिथे वाइन शेकडो वर्षांची, बिअर त्या मानाने कालची पोर. तरी ती तिथे रुजली. शहर विटेवर वीट ठेवून पुन्हा उभं राहत होतं आणि त्याच्या नावाची एक वस्तू बाजारात येत होती. लोकांना ती आपली वाटली, यात नवल ते काय!

ही बिअर तिथे जेवणाखाण्याच्या संगतीने येते. मेसिनाचा फोकाच्चा प्रसिद्ध आहे. जाडसर, मऊ पाव, त्यावर स्कारोला नावाची किंचित कडसर पालेभाजी, तुमा हे ताजं चीज, टोमॅटो आणि खारवलेले बारीक मासे. हेच सारण आत भरून तळलं की त्याचा ‘पिदोने’ होतो, आपल्या करंजीचा थोरला भाऊच म्हणा ना.

आता बिअर बनते कशी तेही सांगते, कारण पुढचा सगळा मामला या कसबाचा आहे. सातू भिजत घालायचे, मोड आणायचे आणि मोड ठरावीक लांबीचे झाले की वाळवून तिथेच थांबवायचे. नाचणीचं सत्त्व करताना आपणही नाचणीला मोड आणून वाळवतोच की. मग हे सातू भरडून गरम पाण्यात ठेवले की दाण्यातल्या पिठाची साखर होते. ते गोडसर पाणी गाळून उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुलं टाकायची, गार करून यीस्ट घालायचं आणि आंबू द्यायचं. मेसिनाची बिअर लागर जातीची. ती थंडाव्यात हळूहळू आंबते आणि तयार व्हायला काही आठवडे घेते. इडलीचं पीठ उन्हाळ्यात किती वेळ ठेवायचं आणि थंडीत किती, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. वर्षानुवर्षं करून हाताला कळतं. कारखान्यात यंत्रं असतात, तापमान दाखवणारे काटे असतात, पण वासावरून, रंगावरून काहीतरी बिनसलंय हे ओळखणारा माणूस तिथेही लागतो.

१९८८ साली हा कारखाना हायनेकेन या हॉलंडच्या बड्या समूहाकडे गेला. हा समूह किती मोठा, याची कल्पना यावी म्हणून सांगते. आपल्याकडे किंगफिशर बिअर बनवणारी युनायटेड ब्रुअरीज २०२१ पासून याच समूहाच्या ताब्यात आहे. जवळजवळ वीस वर्षं समूहाने मेसिनाचा कारखाना चालवला आणि २००७ साली तिथून काढता पाय घेतला. मात्र नाव आपल्याकडेच ठेवलं. ‘बिर्रा मेसिना’ बाजारात मिळत राहिली, पण ती बनू लागली समुद्रापलीकडे, मुख्य इटलीच्या दक्षिण भागातल्या मासाफ्रा गावच्या कारखान्यात. म्हणजे बाटलीवर मेसिना आणि बाटलीत मेसिनाचं काहीच नाही!

जुन्या फारांदा कुटुंबाने कारखाना परत घेऊन बघितला. नाव वापरता येईना म्हणून ‘त्रिशेले’ या नव्या नावाने सुरुवात केली. सिसिलीच्या झेंड्यावर तीन पायांचं चिन्ह असतं, त्यावरून हे नाव आलं. पण गाडी रुळावर आली नाही. २०११ साली कारखान्याला टाळं लागलं.

कामगारांनी निदर्शनं केली, कारखान्यासमोर ठाण मांडून बसले. पण नुसतं बसून चूल पेटत नाही. तरुणांना दक्षिण इटलीत काम मिळणं मुळातच कठीण, मग आयुष्यभर बिअरच बनवलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार? तेव्हा त्यांच्यातल्या पंधरा जणांनी ठरवलं, मालक मिळत नसेल तर आपणच मालक होऊ. २०१३ साली त्यांनी सहकारी संस्था काढली, ‘बिर्रीफिचो मेसिना’. बिर्रीफिचो म्हणजे बिअरचा कारखाना. अध्यक्ष झाले त्यांच्यातलेच एक, डोमेनिको सोर्रेन्ती. सगळे त्यांना मिम्मो म्हणतात.

पैसा कुठून आणला, हे मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इटलीत कामगाराच्या नावाने दरवर्षी साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम बाजूला पडते आणि नोकरी सुटताना ती एकरकमी मिळते. आपल्या ग्रॅच्युइटीसारखंच. शिवाय काम गेल्यावर काही काळ महिन्याच्या महिन्याला भत्ता मिळायचा. नवा धंदा काढणाऱ्याला तो सगळा भत्ता एकदम उचलायची सोय होती. या पंधरा जणांनी दोन्ही पैसे कारखान्यात घातले. मैत्रिणींनो, हा पैसा काय असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलीचं शिक्षण, घराचं गळकं छप्पर, म्हातारपणाचं औषधपाणी, सगळं त्यातच असतं. धंदा बुडला तर ग्रॅच्युइटीही गेली आणि भत्ताही गेला. शहाणा माणूस म्हणेल, ठेवीत टाका आणि गप्प बसा. कुणी तसं म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

पण ते अगदी एकटे नव्हते. इटलीत १९८५ सालचा एक कायदा आहे. जोव्हान्नी मार्कोरा या मंत्र्यांच्या नावाने तो ओळखला जातो. बंद पडणारा कारखाना कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवायला घेतला, तर त्यांना भांडवलाची मदत करायची, असा त्याचा हेतू. त्या कामासाठी उभी राहिलेली वित्तसंस्था या पंधरा जणांच्या पाठीशी उभी राहिली. मेसिनातल्या ‘फोन्दात्सिओने दि कोमुनिता’ या सामाजिक संस्थेनेही आधार दिला. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे लगेच पटेल. गटाने आधी स्वतःचा पैसा टाकून दाखवला की मगच बँक दारात उभं करते.

शहराच्या दक्षिणेला लार्देरियाच्या औद्योगिक वसाहतीत शेड मिळाल्या. यंत्रं बसवणं, परवाने, कर्जाच्या फायली यात तीन वर्षं गेली. २०१६ साली बिअर बाहेर पडली. आता नावाचं काय? ‘बिर्रा मेसिना’ हे नाव तर दुसऱ्याच्या मालकीचं. ज्यांनी मेसिनात राहून, मेसिनात हयात घालवून ती बिअर बनवली, त्यांनाच ते नाव बाटलीवर छापायची मुभा नाही! मग त्यांनी नाव ठेवलं ‘बिर्रा देल्लो स्त्रेत्तो’, सामुद्रधुनीची बिअर. शहराच्या नावावर कुणाची मालकी असेलही, समोरच्या समुद्रावर कोण हक्क सांगणार? दुसऱ्या बिअरचं नाव ‘दोक १५’. हे पंधरा म्हणजे तेच पंधरा.

पुढे जे झालं ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. २०१९ साली हायनेकेन आणि ही सहकारी संस्था यांच्यात करार झाला. कामगारांच्या दोन्ही बिअर इटलीभर पोहोचवण्याचं काम समूहाने घेतलं आणि ‘बिर्रा मेसिना’चा काही भाग पुन्हा मेसिनातच, या पंधरा जणांच्या कारखान्यात बनवायचं ठरलं. त्याच वर्षी समूहाने ‘बिर्रा मेसिना’चा एक नवा प्रकार बाजारात आणला. त्यात सिसिलीच्या पश्चिम टोकाला असलेल्या त्रापानीच्या मिठागरांतलं मीठ किंचित घालतात. गोडाच्या शिऱ्यात चिमूटभर मीठ का टाकतात, हे ठाऊक असलेल्या बाईला यातली मेख कळेल. सोडून गेलेल्या समूहालाही शेवटी सिसिलीच्या मातीचं आणि मिठाचं नाव घ्यावंसं वाटलं.

कुणी म्हणेल, ज्यांनी सोडलं त्यांच्याशीच पुन्हा हातमिळवणी? ही शरणागती नाही का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मोठ्या माशाशी मैत्री करताना धाकट्याने जपूनच राहावं, कारण करार आज आहेत, उद्या बदलतात. आणि ‘बिर्रा मेसिना’ हे नाव अजूनही समूहाचंच आहे. तरी मला एक फरक दिसतो. २००७ साली हीच माणसं पगारदार होती, त्यांना न विचारता निर्णय झाला. २०१९ साली ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कारखान्याची मालक म्हणून बसली. छोटा असेल, पण कारखाना स्वतःचा होता. ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणतो ना आपण, ते उगाच नाही.

मेसिनाच्या मुख्य चर्चच्या घंटाघरावर १९३३ साली बसवलेलं एक अजब घड्याळ आहे. भर दुपारी बारा वाजता त्यावरचा सोनेरी सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो. पण मला भावल्या त्या तिथल्या दोन बायका, दीना आणि क्लारेंत्सा. १२८२ साली शहराला वेढा पडला असताना रात्री शत्रू तटावर चढू लागला. दीनाने वरून दगड लोटले, क्लारेंत्साने घंटा बडवून गाव जागं केलं, असं तिथे सांगतात. आता दर पंधरा मिनिटांनी घंटेवर टोले देण्याचं काम या दोघींच्या पुतळ्यांकडे आहे. दोघी सामान्य घरच्या, जे हाताशी होतं त्यानेच लढल्या. पंधरा कामगारांनी तरी वेगळं काय केलं? त्यांच्या हाताशी सातू मोडवण्याचं कसब होतं आणि ग्रॅच्युइटीचे पैसे होते.

‘वारसा’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. मसाल्याच्या पाकिटावर ‘आजीची चव’, लोणच्याच्या बरणीवर ‘परंपरा’. छापायला काय लागतं! मेसिनाची गोष्ट वाचल्यापासून मला पाकीट उलटं करून बघायची सवय लागली आहे. कुठे बनलं, कुणी बनवलं? आणि गावातला एखादा उद्योग बंद पडल्याची बातमी आली, की माझ्या मनात पहिला विचार तिथल्या माणसांचा येतो. यंत्रं विकली जातील, नाव विकलं जाईल. पण ते काम येणारी माणसं अजून गावातच असतील. ती पांगायच्या आत त्यांना कुणी एकत्र बसवलं पाहिजे.