अल्लेजेरिता : हलकी केलेली गाडी

खनिजाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा पाहत वाढलेल्या डिचोलीकरांना भक्कम गाडी म्हणजे जड गाडी असे वाटले, तर त्यात नवल नाही. इटलीतील अल्फा रोमिओ कारखान्याने १९६५ साली जगापुढे मांडलेली जी.टी.ए. ही दोन दारांची कूपे मात्र नेमकी याच्या उलट विचारातून जन्मली. नावातील 'ए' म्हणजे 'अल्लेजेरिता', अर्थात हलकी केलेली.

शर्यतीत उतरणाऱ्या गाडीच्या ठराविक संख्येत प्रती आधी तयार झाल्या पाहिजेत, असा नियम असे. त्या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. म्हणून शर्यतीसाठी घडविलेली ही गाडी कारखान्याने रस्त्यावरच्या गिऱ्हाइकालाही विकली. मूळ रूप बेर्तोने यांच्याकडे काम करणाऱ्या जुजारो यांचे, ते तसेच ठेवले. बदलले ते अंग. पोलादी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे रिव्हेटांनी जोडले, इंजिनाची काही झाकणे मॅग्नेशियमची केली. वजन सुमारे ७४५ किलो झाले, म्हणजे साध्या भावंडापेक्षा सुमारे २०० किलो कमी! १५७० सी.सी.च्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते. कार्लो किती यांच्या आउतोदेल्ता पथकाने या गाड्या शर्यतीस सिद्ध केल्या, आणि युरोपीय टूरिंग शर्यतींचे अजिंक्यपद त्यांनी १९६६, १९६७ व १९६९ साली मिळविले.

आज अशी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यासमोर खरा पेच येतो तो पत्र्याचा. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांस लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजते. रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी जमते आणि रंगाखाली फोड येतात. अशा वेळी साध्या भावंडाचा पोलादी पत्रा बसविणे सोपे, स्वस्त आणि दिसायलाही बिनचूक. परंतु तसे केले की मोटार राहते, अल्लेजेरिता उरत नाही. आमच्या मते पुनरुद्धार करणाऱ्याने रंगाच्या झळाळीपेक्षा वजनकाट्याकडे अधिक पाहावे. जाड रंग, लांबीचे थर, आवाज दाबणारी डांबरी आच्छादने यांनी किलोमागून किलो परत चढतात.

पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात आणि आपल्या मुसळधार पावसात, अशी गाडी ठेवायची झाल्यास दोन धातूंमध्ये विलगक थर देणे, सांधे पावसाळ्यापूर्वी उघडून पाहणे आणि कोरडी, हवेशीर जागा देणे अपरिहार्य आहे. ताडपत्रीने घट्ट झाकून ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण ओल आतच कोंडते.