एका पासपलीकडचा फ्लूटी

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये २००७ साली निवडला गेलेला डग फ्लूटी हा बॉस्टन कॉलेजचा क्वार्टरबॅक. १९८१ ते १९८४ असे चार हंगाम तो या कॉलेजकडून खेळला. शेवटच्या हंगामात त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली आणि मोठ्या कॉलेजांच्या पातळीवर दहा हजार यार्डांचे पासिंग पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू ठरला. तरीही त्याचे नाव निघाले की बहुतेक अमेरिकी माणसांना एकच पास आठवतो, २३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायामीत सामना संपता संपता फेकलेला. तो पास विसरण्याजोगा नाहीच. पण ज्या कारकिर्दीसाठी फ्लूटीचा गौरव झाला ती त्या क्षणाच्या कितीतरी आधी घडत आली होती, आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय तो पासही नीट समजत नाही.

अमेरिकन फुटबॉल हा भारतात खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलहून अगदी वेगळा खेळ आहे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, शंभर यार्ड लांबीचे मैदान, त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन आणि दोन बाजूंनी निमुळता होत गेलेला लांबट चेंडू. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये शिरले किंवा तिथे तो झेलला की टचडाउन होतो आणि सहा गुण मिळतात. चढाईचा सगळा कारभार क्वार्टरबॅककडे असतो. जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी त्याच्या हाती येतो. मग तो जवळच्या भिडूकडे सोपवायचा, स्वतः घेऊन पळायचे, की पुढे धावत गेलेल्या भिडूकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलो वजनाचे विरोधी खेळाडू त्याला पाडायला चालून येत असतात.

त्यांना अडवण्यासाठी क्वार्टरबॅकच्या पुढ्यात त्याच्याच संघाचे पाच धिप्पाड खेळाडू उभे असतात. हे सहसा सहा फुटांपेक्षा बरेच उंच असतात. म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा ते पाहायचे तर या माणसांच्या डोक्यावरून पाहावे लागते. म्हणून प्रशिक्षकांना क्वार्टरबॅक उंच हवा असतो, सहा फूट दोन-तीन इंच असला तर उत्तमच. फ्लूटीची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच होती. शाळेपासून निवृत्तीपर्यंत त्याच्याविषयीच्या प्रत्येक चर्चेत हा आकडा आला, आणि पुष्कळदा चर्चा तिथेच संपली.

त्याचा जन्म २३ ऑक्टोबर १९६२ रोजी मेरिलँड राज्यात झाला. बालपणीचा काही काळ फ्लोरिडात गेला आणि पुढे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक या गावी आले. नॅटिकच्या शाळेत तो फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल तिन्ही खेळत असे. शाळा संपताना अव्वल विभागातल्या फक्त एका संस्थेने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली, ती म्हणजे घराजवळचे बॉस्टन कॉलेज. जेझुइट धर्मगुरूंनी स्थापन केलेली ही संस्था अभ्यासासाठी नावाजलेली होती, फुटबॉलसाठी मुळीच नाही. १९७८ च्या हंगामात तिचा संघ अकराच्या अकरा सामने हरला होता.

१९८१ मध्ये जॅक बिकनेल नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, त्याच वर्षी फ्लूटी दाखल झाला. क्वार्टरबॅकच्या रांगेत तो बराच मागे होता. पेन स्टेटविरुद्धचा सामना पार हाताबाहेर गेल्यावर बिकनेल यांनी या नवख्या मुलाला मैदानात उतरवले आणि त्याने टचडाउनचा पास फेकला. सामना हरला तो हरलाच, पण जागा त्याची झाली ती कायमची.

क्वार्टरबॅकचे प्रशिक्षण तेव्हा टॉम कॉफलिन यांच्याकडे होते. हेच कॉफलिन पुढे न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक म्हणून दोनदा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकले. उंचीच्या अडचणीवर फ्लूटीचा उपाय साधा होता. भिंतीमागे उभे राहून दिसत नसेल तर भिंतीच्या बाजूने बाहेर पडायचे. चेंडू हाती येताच तो डावी-उजवीकडे धावत मोकळी जागा शोधी, पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देई आणि धावता धावताच अचूक फेकी. आखलेली खेळी फसली की बहुतेक क्वार्टरबॅकचा प्रयत्न वाया जातो. फ्लूटीचा खेळ पुष्कळदा तिथून सुरू होई. त्याच्या चपळाईचे कौतुक पुष्कळ झाले, पण खरे मोल नजरेचे होते. धावताना बावीस खेळाडू कुठून कुठे सरकत आहेत हे त्याला दिसत असे, आणि त्याच्या हाताची ताकद उंचीवरून कुणालाच ओळखता येत नव्हती.

निकाल लगेच दिसू लागले. १९८२ च्या हंगामाअखेर बॉस्टन कॉलेज तब्बल चाळीस वर्षांनी बोल सामन्यासाठी पात्र ठरले. हंगाम संपल्यावर निवडक संघांमध्ये होणारे हे सामने कॉलेज फुटबॉलमध्ये प्रतिष्ठेचे मानतात. १९८३ मध्ये संघाने पेन स्टेट आणि अलाबामा या दोन बलाढ्य संघांना हरवले आणि हाइझमनच्या मतदानात फ्लूटी तिसरा आला. १९८४ मध्ये अलाबामा पुन्हा हरले, तेही त्यांच्याच राज्यात.

मग मायामीचा सामना आला. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या शुक्रवारी दुपारी, ऑरेंज बोल स्टेडियममधून सीबीएसने तो देशभर दाखवला. मायामी विद्यापीठ आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता होता आणि त्यांचा क्वार्टरबॅक बर्नी कोसार हा सहा फूट पाच इंच उंच, क्वार्टरबॅक असावा तसा दिसणारा खेळाडू होता. मात्र या संघाची बचावफळी डळमळीत झाली होती. दोनच आठवड्यांपूर्वी मेरिलँडविरुद्ध ३१-० अशी आघाडी घेऊनही तो ४२-४० असा हरला होता. पावसाळी, वाऱ्याच्या त्या दुपारी दोन्ही क्वार्टरबॅकनी चारशेहून अधिक यार्डांचे पासिंग केले. पारडे सतत इकडून तिकडे झुकत राहिले. सामना संपायला २८ सेकंद उरले असताना मायामीने टचडाउन करून ४५-४१ अशी आघाडी घेतली.

दोन झटपट पासांनी फ्लूटीने संघाला मैदानाच्या मध्यापलीकडे, मायामीच्या ४८ यार्डांच्या रेघेपर्यंत नेले. घड्याळात सहा सेकंद राहिले होते. म्हणजे एकच प्रयत्न. बिकनेल यांच्या संघाकडे अशा वेळेसाठी ठरलेली खेळी होती. तीन खेळाडूंनी उजव्या बाजूने सरळ एंड झोनकडे धावायचे, चेंडू त्यांच्या घोळक्यात उंच फेकायचा आणि कुणीतरी तो झेलायचा किंवा भिडूकडे टोलवायचा. सरावात ती पुन्हा पुन्हा घोटलेली होती. अमेरिकेत अशा अखेरच्या लांब पासला हेल मेरी म्हणतात. कॅथलिक प्रार्थनेवरून आलेले हे नाव डॅलस काउबॉइजच्या रॉजर स्टॉबॅकने १९७५ मध्ये फेकलेल्या एका पासमुळे घरोघरी पोहोचले होते.

चेंडू हाती येताच फ्लूटी मागे हटला, अंगावर आलेल्या एका बचावपटूला चुकवून उजवीकडे सरकला आणि स्वतःच्या बाजूच्या ३७ यार्डांच्या रेघेजवळून, समोरून येणाऱ्या वाऱ्यात, त्याने पूर्ण ताकदीनिशी चेंडू सोडला. साठ यार्डांहून अधिक अंतर हवेत कापून तो खाली आला. मायामीच्या मागच्या बचावपटूंचा अंदाज इथेच चुकला. एवढ्याशा चणीचा माणूस वाऱ्याविरुद्ध एंड झोनपर्यंत फेकू शकणार नाही अशा समजुतीने ते रेघेच्या अलीकडे थांबले आणि जेरार्ड फेलनला त्यांनी आपल्या मागे जाऊ दिले. त्यांच्या वर उडालेल्या हातांवरून चेंडू पुढे गेला आणि थेट फेलनच्या छातीशी आला. तो मागे पडताना चेंडू कवटाळूनच पडला. ४७-४५. फेलन हा फ्लूटीचा खोलीतला सोबती होता. दोघे एकत्र राहत, एकत्र सराव करत.

त्या दुपारी फ्लूटीने ४६ पैकी ३४ पास पूर्ण करून ४७२ यार्ड कमावले आणि दहा हजारांचा टप्पाही याच सामन्यात ओलांडला. या पासला निव्वळ नशीब म्हणणे अन्यायाचे आहे. नशीब होते, वाद नाही. पण पाठलागातून सुटणे, धावत्या पायांनी तोल सावरून एवढ्या लांब फेकणे, हे सगळे तो चार वर्षे करत आला होता. बचावपटूंना फसवले तेही त्याच्या उंचीविषयीच्या जुन्याच समजुतीने.

आठच दिवसांनी, १ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये हाइझमन ट्रॉफी जाहीर झाली. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला १९३५ पासून दिला जाणारा हा सर्वांत मानाचा पुरस्कार. मायामीच्या पासने फ्लूटीला तो मिळवून दिला असे सर्रास सांगतात, पण बहुतेक मते त्याआधीच नोंदली गेली होती आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या कीथ बायर्सला त्याने फार मागे टाकले होते. या पुरस्काराला आणखी एक महत्त्व आहे. १९७१ मध्ये ऑबर्नच्या पॅट सलिव्हननंतर एकाही क्वार्टरबॅकला हाइझमन मिळाली नव्हती. मधल्या बारा वर्षांत ती जवळजवळ दरवेळी चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅककडे गेली होती. कॉलेज फुटबॉल धावण्याकडून फेकण्याकडे वळत होते आणि फ्लूटीचा विजय हा त्या वळणावरचा ठळक टप्पा होता. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कॉटन बोलमध्ये ह्यूस्टनला ४५-२८ असे हरवून त्याने कॉलेजची कारकीर्द संपवली. १०,५७९ यार्ड आणि टचडाउनचे ६७ पास ही त्याची चार वर्षांची कमाई.

कॉलेजलाही या यशाचा लाभ झाला. पुढच्या दोन वर्षांत प्रवेश अर्जांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आणि खेळातल्या यशामुळे प्रवेशाची मागणी वाढण्याला फ्लूटी इफेक्ट हे नावच पडले. शिक्षणसंस्थांच्या अर्थकारणावर लिहिणारे अजूनही ते वापरतात. मात्र बॉस्टन कॉलेजच्याच नियतकालिकाने पुढे या समजुतीची तपासणी केली आणि एका खेळाडूला सगळे श्रेय देणे बरोबर नाही असे दाखवून दिले. संस्था अनेक वर्षे वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि प्रवेशप्रक्रिया यांवर खर्च करत होती आणि अर्ज आधीपासूनच वाढत होते. हा खुलासा संस्थेने स्वतः केला, हे तिला शोभून दिसते.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये उंचीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९८५ मध्ये तो नव्या यूएसएफएल लीगमधल्या न्यू जर्सी जनरल्सकडून खेळला; एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याचे नाव २८५ वे आले. शिकागो आणि न्यू इंग्लंडमध्ये त्याला मोजकी संधी मिळाली. १९९० मध्ये तो कॅनडात गेला. तिथले मैदान अधिक लांब-रुंद, बाजूला बारा खेळाडू आणि प्रयत्न चारऐवजी तीनच. मोकळी जागा शोधत खेळणाऱ्या फ्लूटीला ते मैदान मानवले. आठ हंगामांत सहा वेळा तो तिथल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि कॅलगरी व टोरांटो या संघांना त्याने मिळून तीन ग्रे कप, म्हणजे त्या लीगची विजेतेपदे, जिंकून दिली. मग पस्तिशी ओलांडल्यावर तो एनएफएलमध्ये परतला. बफलो बिल्सकडून पहिल्याच वर्षी, १९९८ मध्ये, तो प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्याच वर्षी त्याने ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी संस्था सुरू केली, कारण त्याच्या मुलाला ऑटिझम होता. फ्लूटी फ्लेक्स या नावाने निघालेल्या न्याहारीच्या पदार्थाच्या विक्रीतून तिला निधी मिळाला. १ जानेवारी २००६ रोजी, कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, त्याने चेंडू जमिनीवर टाकून उसळताच पायाने मारण्याची, १९४१ नंतर एनएफएलमध्ये यशस्वी न झालेली ड्रॉप किक साधली.

या लांब कारकिर्दीमुळेच कॉलेज हॉल ऑफ फेमचा सन्मान एवढा उशिरा आला. नॅशनल फुटबॉल फाउंडेशन चालवत असलेल्या या हॉलचे नियम कडक आहेत. खेळाडू मान्यताप्राप्त अखिल अमेरिकी संघात पहिल्या फळीत निवडलेला असावा, शेवटच्या कॉलेज सामन्याला दहा वर्षे झालेली असावीत आणि तो व्यावसायिक खेळातून निवृत्त झालेला असावा. मैदान सोडल्यानंतरचे नागरिक म्हणून वर्तनही पाहिले जाते. फ्लूटी २००६ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी निवडला गेला. २००७ मध्येच कॅनडाच्या स्पोर्ट्स हॉल ऑफ फेमने त्याला घेतले. तो मान मिळालेला तो पहिला बिगर-कॅनेडियन. २००८ मध्ये कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेमही त्यात सामील झाला. बॉस्टन कॉलेजने त्याची २२ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये अलम्नाय स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला. पुतळ्यात तो मायामीचा पास फेकताना दिसतो.