आट्यांचं नातं

२७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकरच्या जंगलात पेंटबॉलचा पहिला खेळ झाला. बारा खेळाडूंच्या हातात नेल्स्पॉट ००७ हा मार्कर होता. तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून डेझी कंपनीनं नेल्सन पेंट कंपनीसाठी तो बनवला होता. एक गोळी सुटली की बोल्ट हातानं मागेपुढे करायचा, मगच दुसरी. झाडाला घाई नसते, खेळाडूला असते. पुढच्या गोळीची तयारी हाताऐवजी कोण करणार, या एका प्रश्नाला पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जी उत्तरं मिळाली, ती पाहून थक्क व्हायला होतं.

या सगळ्या मार्करांचं काम एकच. ०.६८ इंच व्यासाची, जेमतेम तीन ग्रॅमची रंगानं भरलेली नाजूक गोळी आत न फोडता बाहेर फेकायची, आणि वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवायचा. किंगमनच्या स्पायडरमध्ये चाप ओढला की अडवून धरलेला हॅमर स्प्रिंगच्या जोरानं व्हॉल्व्हवर आदळतो. टाकीतून आलेला वायू सुटतो आणि त्याला दोन वाटा फुटतात. एका वाटेनं तो गोळीच्या मागे जातो, दुसऱ्या वाटेनं उलटा फिरून हॅमरला मागे रेटतो आणि पुन्हा जागेवर बसवतो. टिपमनच्या मॉडेल ९८ मध्ये हीच युक्ती आहे, पण मांडणी निराळी. स्पायडरमध्ये दोन नळ्या एकावर एक असतात, टिपमनमध्ये बोल्ट, व्हॉल्व्ह आणि हॅमर एका ओळीत. तत्त्व सख्खं, तरी एकाचा बोल्ट दुसऱ्यात बसत नाही.

टॉम के यांच्या ऑटोमॅगमध्ये तर हॅमरच नाही. छोट्याशा कप्प्यात दाबलेली हवा बोल्टला ढकलायला टपून असते. चापानं अडसर काढला की हवाच बोल्टला पुढे लोटते, आणि त्याच क्षणी एक चिमुकला व्हॉल्व्ह टाकीकडून येणारी हवा तेवढ्यापुरती बंद करतो. हवा निघून गेली की स्प्रिंग बोल्टला मागे आणते.

पण माझं मन जडलंय ते ऑटोकॉकरवर. बड ऑर यांनी हातपंपाच्या मार्करची रचना मोडलीच नाही. त्याला फक्त यंत्राचा हात जोडला. नळीखाली, पुढच्या बाजूला, दाब कमी करणारा छोटा रेग्युलेटर, तीन वाटांचा व्हॉल्व्ह आणि बोटाएवढा दट्ट्या असे तीन भाग उघड्यावर बसवलेले. चाप अर्धा ओढला की गोळी सुटते. उरलेला अर्धा ओढला की तीन वाटांचा व्हॉल्व्ह हवेची दिशा बदलतो, दट्ट्या सळई मागे ढकलतो आणि मार्करच्या मागचा ठोकळा खटकन डोळ्यांसमोर मागे येतो. हॅमर चढतो, नवी गोळी खाली पडते. चाप सोडला की ठोकळा परत पुढे. या दोन अर्ध्यांमधलं टायमिंग जरा चुकलं की सगळंच बिनसतं. म्हणूनच तो जुळवणाऱ्यांचा जीव त्यात गुंततो.

तर पोटातले भाग एकमेकांत बसत नाहीत. बसतात ते कडेचे. ऑटोकॉकरच्या नळीचे आटे १५/१६ इंच व्यासाचे, इंचाला २० आहेत. पुढे अमेरिकेतल्या डायच्या मॅट्रिक्सनं आणि इंग्लंडमधल्या प्लॅनेट एक्लिप्सच्या ईगोनं हेच आटे घेतले, जरी त्यांच्या आत ऑटोकॉकरचं काहीच नाही. स्पायडर आणि टिपमन यांनी मात्र आपापले आटे सांभाळले, आणि मूळच्या ऑटोमॅगची नळी तर आट्यांशिवाय, नुसती पिळून अडकते. मूठ त्याहून गमतीची. पॉइंट ४५ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकटीवर कोल्ट १९११ या लष्करी पिस्तुलाच्या मुठीच्या पट्ट्या सरळ बसतात, कारण स्क्रूची भोकंच तशी ठेवलेली असतात.

टाकीचं तोंड बहुतेकांना सामाईक आहे, आणि तिथेच जपायला हवं. २० अंश सेल्सिअसला टाकीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब चौरस इंचाला सुमारे ८३० पौंड असतो. दाबलेल्या हवेच्या टाकीत ३,००० किंवा ४,५०० पौंड असतात, पण तिच्या गळ्यातला रेग्युलेटर तो दाब ८०० च्या आसपास किंवा त्याहून खाली आणतो. त्यामुळे एकाच तोंडाला दोन्ही टाक्या लागतात. मात्र बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मार्करांना फक्त हवाच चालते. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आत शिरला की थंडीनं सील आखडतात, नाजूक सोलेनॉइड व्हॉल्व्ह निकामी होतो. आटे छान बसलेले असतात, तरीही.

आता उरली गोळी. तिचं कवच जिलेटिनचं. औषधाच्या कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीनंच सुरुवातीच्या गोळ्या बनवल्या होत्या. दमट हवेत जिलेटिन फुगतं, त्यामुळे गोळीचा व्यास दिवसागणिक बदलतो. म्हणून जाणते खेळाडू आतलं अस्तर बदलता येईल अशी नळी ठेवतात आणि खेळाआधी ती मार्करवरून काढून गोळी आत टाकतात. आपोआप घरंगळली तर अस्तर सैल आहे, फुंकूनही हलली नाही तर घट्ट. जागेवर थांबून एका फुंकरीत बाहेर पडली, तर त्या दिवसापुरतं तेच अस्तर योग्य.