मुनवे नसलेली केळ

मी तापीकाठच्या बऱ्हाणपूरचा, केळीच्या बागेत वाढलेला. केळ हवी तर मुनवा खणावा आणि लावावा, एवढेच मला ठाऊक. (हल्ली तिकडेही उतिसंवर्धित रोपे आली, ती गोष्ट वेगळी.) शिकायला बेळगावी आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात, उभ्या कातळाच्या कपारीत केळी दिसल्या. बरोबरचा कानडी मित्र म्हणाला, "कल्लुबाळे!" कल्लु म्हणजे दगड, बाळे म्हणजे केळ. मराठीत हिलाच रानकेळ किंवा कवदर म्हणतात. रॉक्सबर्गने हिला म्युसा प्रजातीत घातले होते. १९४८ साली चीझमनने एन्सेटे या निराळ्या प्रजातीत नेले. तेव्हापासून ही एन्सेटे सुपर्बम.

ओळखण्यासाठी आधी बुंधा पाहावा. आपल्या केळीचे खोड सरळ असते. हिचे बुडाशी रांजणासारखे फुगलेले, वर निमुळते आणि गळालेल्या पानांच्या वणांनी भरलेले. फळात गर नावालाच, बाकी टपोऱ्या काळ्या बिया. उन्हाळ्यात पाने वाळतात, झाड मेलेसे वाटते. पाऊस पडला की पुन्हा पालवते. गुणसूत्रे मोजल्यास हिची १८ भरतात. आमच्या बागेतल्या ग्रँड नैनची ३३, म्हणजे ११ चे तीन संच. म्हणूनच तिला बी धरत नाही, आणि साऱ्या बागा एकाच रक्ताच्या! एखादा रोग एका झाडाला मानवला की सगळ्यांनाच मानवतो.

काकांना फोनवर हे सांगितले. ते म्हणाले, "येताना एक मुनवा घेऊन ये रे." पण हिला मुनवे फुटतच नाहीत. कित्येक वर्षांनी, आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, बी पिकते आणि झाड मरते. भाजीसाठी केळफूल आधीच कापले, तर त्या झाडाचा वंश तिथेच खुंटला.

घाटाखालच्या एका शेतकऱ्याने बांधावरच्या झाडाच्या अकरा बिया दिल्या. कवच फार टणक. मी त्या दोन दिवस पाण्यात भिजवून वाळू आणि पालापाचोळ्याच्या खतात पेरल्या. दोन महिन्यांनी एक उगवली, चौथ्या महिन्यात आणखी दोन. बाकीच्या मीच जास्त पाणी घालून कुजविल्या. एक रोप बऱ्हाणपूरला नेले. पहिल्याच मे महिन्यात त्याची पाने करपली आणि काका कुंडी उकिरड्यावर टाकायला निघाले. कसेबसे थांबविले. जूनअखेर कोंब आला.

आता बुंधा हाताच्या मुठीएवढा झाला आहे. काका जाता-येता वाकून बुडाशी पाहतात, मुनवा आला का म्हणून.