वारा कोण कापतो?

भंडाऱ्याहून वरठीकडे, म्हणजे भंडारा रोड स्टेशनच्या बाजूला, निघालं की धानाच्या बांध्या लागतात आणि रस्ता जवळपास सपाट. अशा रस्त्यावर रविवारी पहाटे वेगात निघालेल्या सायकलस्वारांचा खरा विरोधक चढ नसतो, हवा असते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाने. ताशी ३० किलोमीटरवरून ४० वर जायचं, तर नुसती हवा कापायला जवळपास २.४ पट शक्ती लागते. एकट्याचा दम निघतो तो यामुळे. पुढच्याच्या पाठीमागे मात्र कमी दाबाचा पट्टा तयार होतो. हातभर अंतर ठेवून त्यात राहिलं, की विरोध साधारण एक तृतीयांशाने घटतो. गंमत म्हणजे पुढच्यालाही थोडा फायदा होतो, कारण मागचा तो पट्टा भरून काढतो. वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ स्वारांचा जथा अभ्यासला. त्यात आत दडलेल्यांवरचा विरोध एकट्या स्वाराच्या ५ ते १० टक्क्यांवर उतरला होता!

चार-सहा जणांच्या रांगेत एवढी चैन नाही. म्हणून पाळ्या लावतात: पुढचा थोडा वेळ ओढतो, बाजूला होतो, शेवटी जाऊन लागतो. वारा आडवा असेल तर रांग तिरपी करावी लागते आणि ती अख्खा रस्ता खाते. वरठीत पोलादाचा कारखाना आहे, त्यामुळे इथे मालट्रक असतात. अशा रस्त्यावर तिरप्या रांगेचा नाद सोडलेलाच बरा.

गटात नव्याने येणाऱ्यांनी अचानक ब्रेक दाबू नये. आणि खड्डा दिसला की हाताने खूण करावी. मागच्याला तुमच्या पाठीपलीकडचं दिसत नसतं.