पानाच्या शिरा आणि फाशीची धमकी

२५ मार्च १७७६ ही तारीख छापलेली न्यू जर्सीची नोट उलटी केली, की झाडाचं एक पान दिसतं, देठापासून बारीकसारीक शिरांपर्यंत. त्याच बाजूला धमकीही आहे : नक्कल कराल तर मृत्युदंड. पुढच्या बाजूला शाईने केलेल्या सह्या. त्यांत जॉन हार्टची सही निघाली, तर संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात, कारण काही महिन्यांनी याच गृहस्थाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली.

या नोटांचा इतिहास म्हणजे छापणारा आणि नक्कल करणारा यांची शर्यतच. सुरुवात १६९० ची. मॅसॅच्युसेट्सने क्विबेकवर मोहीम काढली. लुटीतून खर्च निघेल असा हिशेब होता. मोहीम फसली आणि सैनिक हात हलवत परतले. खजिन्यात नाणं नव्हतं आणि थकलेल्या पगारावरून दंगा होण्याची भीती होती. मग वसाहतीने कागदच वाटला. चीनमध्ये कागदी पैसा शतकानुशतकं आधी होता. पाश्चात्त्य जगात मात्र सरकारने काढलेल्या या पहिल्या नोटा मानल्या जातात. त्यांची वरची कड नागमोडी कापलेली असे. नोट परत आली की खजिन्यात ठेवलेल्या अर्ध्या भागाशी ती कड जुळवून पाहत. पण कड खरी ठेवून मधला आकडा बदलणारेही निघालेच.

बेंजामिन फ्रँकलिनने १७२९ मध्ये कागदी चलनाची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या नोटा छापण्याचं किफायतशीर कामही त्याच्याचकडे आलं; आपल्या विचारांचा असा रोख मोबदला फार थोड्या लेखकांना मिळतो. पण गडी हुशार. दोन पानांच्या शिरा कधीच तंतोतंत सारख्या नसतात, हे ओळखून त्याने खऱ्या पानाचा साचा घेतला आणि त्यावरून धातूचा ठसा ओतला. १७३७ च्या न्यू जर्सीच्या नोटांपासून ही पानं दिसू लागतात. इतक्या बारीक, कुठे जाड तर कुठे पुसट होत जाणाऱ्या रेषा हाताने कोरणं खोदकाम करणाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ही कृती फ्रँकलिनने गुप्त ठेवली.

कागदातही क्लृप्त्या होत्या. नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे ६०० जुन्या नोटा तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्रँकलिनच्या छापखान्यांशी संबंध असलेल्या नोटांत त्यांना काळ्या शाईत ग्रॅफाइट, लगद्यात अभ्रकाचे चकाकते कण आणि निळे धागे सापडले.

स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि १७७५ पासून काँटिनेंटल काँग्रेसने स्वतःच्या नोटा काढल्या. कर बसवण्याचा अधिकार नाही, हातात फक्त छापखाना. १७७९ अखेर सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा बाहेर पडल्या. ब्रिटिशांनीही आपला हातभार लावला. १७७७ मध्ये त्यांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमधल्या वृत्तपत्रात चक्क जाहिरात आली : दुसऱ्या वसाहतीत जाणाऱ्यांना काँग्रेसच्या बनावट नोटा कागदाच्या भावात मिळतील. १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला. उरलेल्या नोटा १७९० च्या कायद्यानुसार रोख्यांत बदलून घेतल्या गेल्या, शंभराला एक या दराने.

बनावट नोटांनी झालेली हीच नासाडी आज संग्राहकांच्या पथ्यावर पडली आहे. फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या हाती असताना काँग्रेसचा मुक्काम यॉर्क गावी होता. ११ एप्रिल १७७८ ही तारीख असलेल्या तिथल्या नोटांच्या इतक्या नकला झाल्या, की काँग्रेसला त्या परत मागवाव्या लागल्या. म्हणूनच त्या आज काँटिनेंटल मालिकेतल्या सर्वांत दुर्मीळ नोटांत गणल्या जातात. एरिक न्यूमन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेला सूचिग्रंथ या छंदात अजून प्रमाण मानतात.

नवख्याने आधी कागद पाहावा. खरा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, जाडसर असतो. वापरून विटलेल्या कित्येक नोटा मधोमध फाटल्यावर सुईदोऱ्याने शिवलेल्या सापडतात. बाजारात फिरणारा पिवळट, कुरकुरीत, मुद्दाम जुना दिसेलसा केलेला कागद बहुधा पर्यटकांसाठी काढलेली आधुनिक प्रत असते आणि तिला संग्रहमूल्य जवळपास नसतं. युद्धकाळातल्या बनावट नोटा मात्र अस्सल नोटांशेजारी, बनावट म्हणूनच, विकत घेतल्या जातात.