मॅगव्हीलवरचा ओरखडा: घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

आजचा विषय जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. गाडी लावताना चाक फूटपाथला घासतं, 'खर्रर्र' असा आवाज येतो, पोटात गोळा येतो, आणि खाली उतरून बघितलं तर चकचकीत अलॉय व्हीलच्या कडेला पांढरट ओरखडा. पुढचा प्रश्न ठरलेला: "हे घरी होतं का?"

बहुतेक वेळा होतं. पण आजच्या भागातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पुट्टीने आणि रंगाने चाक देखणं होतं, मजबूत होत नाही. म्हणून आज आधी तपासणी आणि मग रंगकाम. कृपा करून पहिला भाग पळवत ऐकू नका.

रिम का घासते?

अलॉय म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनसारखे घटक मिसळून ओतलेला धातू. गॅरेजात त्याला अजूनही मॅगव्हील म्हणतात, कारण पूर्वी रेसिंगच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असायची. नाव राहिलं, धातू बदलला.

आता तुमच्या टायरवरचे आकडे वाचा. समजा १६५/८० आर १४ लिहिलंय. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. गणित केलं तर १३२ मिलिमीटर रबर. २१५/४५ आर १७ घेतलं तर तीच उंची साधारण ९७ मिलिमीटर भरते. म्हणजे फूटपाथ आणि रिम यांच्यामधलं साडेतीन सेंटिमीटर रबर कमी झालं. त्यात काही रिमची कड टायरच्या बरोबरीला किंवा थोडी बाहेरच असते. मग पिवळा-काळा कर्बस्टोन आधी रिमलाच भेटणार.

रिमवर थर असतात. खाली धातू, त्यावर प्रायमर किंवा पावडर कोटिंग, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. लॅकर फुटलं की पाणी आत शिरतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि आजूबाजूचं लॅकर पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. म्हणजे ओरखडा बुजवणं हा नुसता नखरा नाही, त्यामागे कारण आहे.

आधी तपासणी

चाक गाडीवर ठेवून फक्त बाहेरची बाजू दिसते. खड्ड्याचा मार मात्र बऱ्याचदा आतल्या कडेला बसलेला असतो. म्हणून चाक काढा. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर), आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा विटेची ओट. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा, तोही गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. चाक निघालं की स्टेपनी लावा आणि गाडी खाली घ्या. काम एक-दोन दिवस चालणार आहे, तेवढा वेळ गाडी जॅकवर लटकत ठेवायची नाही. बऱ्याच स्टेपनी छोट्या असतात आणि त्यांच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, म्हणून या काळात गाडी जागेवरच बरी.

आता चाक दोन्ही बाजूंनी शाम्पूच्या पाण्याने धुवा. ब्रेकची काळी पूड फुंकून उडवू नका, ती छातीत जाते. पुसून कोरडं केलं की चांगल्या उजेडात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, चीर. कडेपासून आत गेलेली केसाएवढी रेघ दिसते का? ओरखडा वरवर पसरलेला असतो, चीर खोल उतरलेली असते. शंका असेल तर कडेने साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे येतात का बघा. किंवा सरळ पंक्चरवाल्याकडे न्या, तो हवा भरलेलं चाक पाण्याच्या टाकीत बुडवून दोन मिनिटांत सांगेल. तुमच्या एकाच टायरची हवा दर आठवड्याला उतरत असेल तर ही तपासणी टाळूच नका.

दुसरी, वाकलेली कड. रिमची गोलाई एखाद्या ठिकाणी चेपलेली वाटते का? हायवेवर वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरतं का?

तिसरी, टायर. फूटपाथच्या धक्क्याने टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ओरखड्याकडे बघता बघता हा फुगा नजरेतून निसटतो, आणि खरा धोका तोच असतो.

चौथी, जागा आणि खोली. टायर रिमवर जिथे टेकतो तिथे, किंवा नट बसतात तिथे मार लागलाय का? एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा खोल खड्डा पडलाय का?

यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर घरचं काम इथेच थांबलं. वाकलेलं चाक जाणकाराला दाखवा. चीर असेल तर मी चाक बदलायलाच सांगेन. काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने तापवून रिम सरळ करून देतात, त्यापासून लांब राहा. अनेक अलॉय चाकांना कारखान्यात मोजून-मापून उष्णता देऊन ताकद आणलेली असते. अंदाजाने तापवलं की ती ताकद जाते आणि बाहेरून कळतही नाही.

चिरेवर पुट्टी भरणं म्हणजे पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. गाडी उद्या तुम्ही विकाल, चालवणारा दुसराच कुणीतरी असेल, त्याला चाक गुळगुळीत दिसेल. ओरखडा लपवला तर चालतो, चीर लपवायची नाही.

तुमचं चाक कुठल्या प्रकारचं?

एकाच रंगाचं, चंदेरी किंवा काळं चाक असेल तर घरी काम छान जमतं. पण बाहेरचा भाग आरशासारखा चमकतो आणि त्यावर जवळून बारीक गोल रेघा दिसतात, असं असेल तर ते डायमंड कट. तिथे रंग नसतो. लेथवर धातूच कापून चमक आणलेली असते आणि वर फक्त लॅकर. स्प्रेच्या चंदेरी रंगाने ती चमक येत नाही, डाग मात्र लांबून ओळखू येतो. असं चाक लेथवर पुन्हा कापून देणारे असतात, पण दर वेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे ते वारंवार करता येत नाही. ओरखडा छोटा असेल तर मी एवढंच सुचवेन: जागा स्वच्छ करा, धारदार टोक घासा आणि पारदर्शक लॅकरचा हात मारून पाणी बंद करा.

सामान

वॉटर पेपर २४०, ४००, ८०० आणि २००० नंबरचे. आकडा मोठा तितका कागद बारीक. धातूवर चालणारी दोन भागांची पुट्टी, ॲल्युमिनियमला चिकटणारा प्रायमर, चाकाच्या रंगाचा स्प्रे, पारदर्शक लॅकर, मास्किंग टेप, थिनर, रबराचे हातमोजे, आणि एक जुना पत्त्यांचा कॅट. पत्ते कशाला ते पुढे सांगतो. सामान एका चाकाला लागो की चारांना, खर्च जवळपास तेवढाच. त्यामुळे दोन-तीन चाकांवर ओरखडे साचले की एकदमच काम काढलेलं परवडतं.

घासणं आणि भरणं

आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही तर मार फक्त लॅकरला आहे. २००० नंबरने पाणी लावून हलकं घासा, रबिंग कंपाउंडने चमकवा. काम संपलं, रंगाची गरजच नाही.

नख अडकलं तर पुढे. थिनर लावलेल्या फडक्याने तेलकटपणा काढा. फडकं घासायच्या आधी फिरवायचं, नाहीतर चिकट घाण कागदाने धातूत रुतते. मग २४० नंबरने उठलेली धार बसवा. कड फारच फुगली असेल तर बारीक कानस चालते. पाणी लावूनच घासा. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ छातीला वाईट असतेच, शिवाय ती पेटही घेते. ओरखड्याच्या बाहेर दोन बोटं जागा ४००ने घासून उतरती करा. नवा आणि जुना रंग जिथे भेटणार तिथे पायरी राहता कामा नये.

खड्डा उरला असेल तरच पुट्टी. लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढं किंवा जरा जास्त हार्डनर, नेमकं प्रमाण डब्यावर बघा. हार्डनर जास्त घातलं की पुट्टी हातातच दगड होते, कमी घातलं तर आतून ओली राहते. थर पातळ, जागेपेक्षा किंचित उंच. कडक झाली की आधी २४०, मग ४००. डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारी पायरी बोटाला कळते.

रंग

आता पत्ते काढा. टायर आणि रिमच्या फटीत एकेक पत्ता गोलाकार खोचत जा. टायरवर रंग उडत नाही आणि टेपची कटकट वाचते. बाकीचं चाक कागद आणि टेपने झाका. हवा भरायचा व्हॉल्व्ह, नट बसतात त्या जागा आणि मागचा, गाडीला टेकणारा सपाट भाग इथे रंग अजिबात नको. तिथे रंगाचा थर आला की तो पुढे दबतो आणि नट सैल पडू शकतात.

स्प्रे बाटली दोनेक मिनिटं हलवा. अंतर साधारण २० ते २५ सेंटिमीटर. हात थांबवायचा नाही, ओरखड्याच्या अलीकडे सुरू करून पलीकडे सोडायचं. आधी प्रायमर, सुकल्यावर ८००ने हलका हात. मग रंगाचे तीन पातळ कोट, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिला कोट मारल्यावर खालचं दिसतंच, घाबरून जाड मारू नका, ओघळ येतात. शेवटी लॅकरचे दोन-तीन कोट, आणि ते रंगापेक्षा थोडे बाहेरपर्यंत.

हे काम मोकळ्या हवेत करा. साधा धुळीचा मास्क रंगाची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. जवळ सिगरेट, उदबत्ती, गॅस काही नको. आणि शेजारच्या काकांच्या स्कूटरपासून चार हात लांब, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्या नावाचा विषय निघेल.

पावसाळ्यात हे काम टाळा. हवेत ओल असली की लॅकर दुधाळ पडतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारीची कोरडी सकाळ सगळ्यात चांगली, दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत.

चाक परत बसवताना

रात्रभर तरी सुकू द्या. नट आधी हाताने फिरवा, मग पान्याने समोरासमोरचे, एकाआड एक आवळा. शेवटचा ताण गाडी खाली घेतल्यावर. नेमका टॉर्क पुस्तिकेत दिलेला असतो. टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडून आवळून घ्या, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. आठवडाभर प्रेशर वॉशर आणि कडक केमिकल टाळा, लॅकर आतून पक्कं व्हायला वेळ घेतं.

कंपनीसारखं दिसेल का? दोन फुटांवरून हो, नाक लावून बघितलं तर नाही. ओरखडा बुजला, पाणी बंद झालं, आणि चाक दोन्ही बाजूंनी नीट तपासून झालं. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. रंग एकवेळ पुढच्या महिन्यात मारा, पण या रविवारी चारही टायरच्या बाजूंवरून एकदा हात फिरवाच.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश लावा!